पट्टीखालचा फुटवा

साक्री,
१४ जून २०२३

चि. उदय यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. परवा पल्लवीशी बोलले तेव्हा सांगणार होते, पण ही बातमी तुला सुनेच्या तोंडून कळावी असं वाटेना. तिला नुसतं हवापाणी विचारलं आणि फोन ठेवला.

आपला शेप्या आंबा गेला. रस्ता रुंद करायचा म्हणून परसामागची सगळी झाडं काढली. मशिननं काढली, त्यामुळे वेळही फार लागला नाही. मी घरातच बसून राहिले. बाहेर आले तेव्हा चिकाचा वास सगळीकडे भरून राहिला होता, आपला तो बडीशेपेचा. शेजारच्या मुली विचारत होत्या, आजी, सरबत केलंय का.

आईनं लावलेलं असं तेवढंच उरलं होतं रे. उन्हाळ्यात ती आपल्याला दुपारी ओळीनं बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि एकेक फोड हातावर ठेवायची. सांगा कुठल्या झाडाचा. गोट्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या. मी नाकानं ओळखायची. तू कसा ओळखायचास ते मला फार उशिरा कळलं. आई कुठल्या टोपलीकडे गेली ते तू तिच्या पावलांवरून ठरवायचास. फोड तोंडात जायच्या आत तुझं उत्तर तयार. तू पुढे तर्कशास्त्र शिकवणार हे तेव्हाच ठरलं असणार.

आता कामाचं. तू रिटायर होऊन चिन्मयकडे राहायला निघालास त्या दिवाळीत ह्यांनी तुला शेप्याचं कलम दिलं होतं, स्वतः बांधलेलं. ते जगलं का? जगलं असेल तर त्याच्या काड्या पाठव. कलमं बांधायचे हेच दिवस. ह्यांच्यासारखा माझा हात बसत नाही, तरी पाचदहा बांधली तर एखादं लागेलच. त्या झाडाचा तुकडा आता जगात असलाच तर तुझ्या अंगणात आहे. तो माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा इथे उभा राहावा एवढीच इच्छा आहे.

तुझी,
ताई


अथाल, सिल्वासा,
२५ जून २०२३

ती. ताईस उदयचा सा. नमस्कार.

तुझं पत्र हातात घेऊन झाडाखाली जाऊन बसलो. जगलं का म्हणून काय विचारतेस, गच्चीच्या वर गेलंय. अजून मोहरलं नाही एवढंच. तू लिहिलेलं वाचताना वरून एक पान पडलं. नेहमीच पडतात, पण आज ते मी उचलून पुस्तकात ठेवलं.

इथल्या दुपारी फार मऊ असतात. कानाचं यंत्र काढून ठेवलं की सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं होतं. रस्त्यावरून ट्रक जातो आणि तो फक्त माझ्या तळपायांना कळतो. चिन्मयच्या कारखान्यातून सुताचे कोन भरलेले टेम्पो निघतात, कधी पांढरे, कधी अबोली. पलीकडे दमणगंगा. ती वाहतेय की थांबलीय ते मला या खुर्चीतून ठरवता येत नाही. मी अर्धा झोपेत असतो आणि अर्धा विचारात. पल्लवी सांगते बाबा लिहितायत, आणि घरकामाला येणारी सरुबाई सांगते बाबा झोपलेत. दोघींचंही खरं असतं.

लिहायचं म्हणजे ते राहिलेलं पुस्तक. विषय तुला माहीतच आहे, माणूस चुकतो कसा. इतकी वर्षं मुलांना बरोबर विचार कसा करावा ते शिकवलं, आता उलट्या बाजूनं बघतोय. या झाडाची गोष्ट मी त्यात घेतली आहे, पण चुकीचं उदाहरण म्हणून नव्हे, बुद्धी कशी तारते त्याचं म्हणून. ऐक. दुसऱ्या पावसाळ्यात कलम मरायला टेकलं होतं. दाजींनी बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून खोडाला होती. पट्टीच्या वर एक मरतुकडी फांदी, कडा करपलेली चार पानं. आणि पट्टीच्या खालून एक फुटवा निघाला होता, जाड, सरळ, तांबूस पानांचा. दोन्ही जगणार नाहीत हे दिसत होतं. एक ठेवायचा होता. मला झाडांतलं काही कळत नाही, पण विचार करता येतो. शेप्या हे आपल्या परसातलं सगळ्यांत दांडगं झाड. जे शेप्याचं ते दांडगंच निघणार. तेव्हा खालचा फुटवा शेप्याचा आणि वरची फांदी कुठली तरी आगंतुक. वरची कापली. आज त्याचीच सावली माझ्या अंगावर आहे.

काड्या कशा कापायच्या ते कळव. बोटाएवढ्या जाड चालतील का?

तुझा,
उदय


साक्री,
२० जुलै २०२३

चि. उदयला आशीर्वाद.

पत्र केव्हाच आलं होतं. उत्तराला उशीर झाला. गुडघा दुखतोय, आणि पाऊस असा की कपडे वाळत नाहीत.

काड्यांची घाई करू नकोस. खुंट करायला रोपं हवीत, ती यंदा मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी बघू. तू झाडाखाली बसतोस, बरं वाटतं, तेवढं पुरे आहे.

ती वरची फांदी कापलीस ती कुठे टाकलीस? म्हणजे कुणी नेली, कुठे खोचली वगैरे असं काही? सहज विचारते. आणि ते पट्टीचं प्रकरण पुस्तकात घालायलाच हवं का? लोकांना घरचं कशाला सांगायचं.

पल्लवीला सांग, मेथीचे लाडू यंदा पाठवते.

ताई


अथाल,
६ ऑगस्ट २०२३

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. माझ्याकडून काही मागायचं म्हटलं की तू अशीच दोन पावलं मागे सरतेस. लग्नात सुद्धा स्वतःला साडी घेताना तू दुकानातली सगळ्यांत साधी उचलली होतीस. म्हणून या वेळी मी तुझं ऐकलेलं नाही. काड्या पाठवल्या आहेत.

चिन्मयच्या कारखान्यात तुमच्या साक्रीकडचा नवनाथ म्हणून मुलगा आहे. आमलीला खोली घेऊन राहतो. तो आईला भेटायला निघाला होता. सरुबाईनं काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून वरून केळीचं पान बांधून दिलं. नवनाथ म्हणाला, "बाबा, कायजी नका करू. मांडीवर घिसन जाई मी." गर्दीच्या बसमध्ये तो ते पुडकं मांडीवर घेऊन साक्रीपर्यंत बसला असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे दिवसभर होतं.

त्या वरच्या फांदीचं विचारलंस. कचऱ्यात गेली असणार. तिची कसली आठवण ठेवायची?

काल दुपारी खुर्चीत डोळा लागला तेव्हा आई आली होती. नदीत घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. ओच्यात काही तरी धरून. मी विचारलं काय आहे, तर तिनं ओचा मिटला. तोंड हलत होतं पण मला ऐकू येत नव्हतं. स्वप्नात तरी ऐकू यावं की नाही, ताई? जागा झालो तर झाडाची सावली सरकून पायांवरून निघून गेली होती. असं काही झालं की मी दिवसभर बरा असतो, का ते माहीत नाही.

कलमं बांधलीस की लगेच कळव.

तुझा,
उदय


साक्री,
२८ ऑगस्ट २०२३

चि. उदयला आशीर्वाद.

काड्या मिळाल्या. वाटेत वाळून गेल्या होत्या. लागल्या नाहीत. तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि पुन्हा पाठवू नकोस.

ताई


अथाल,
९ सप्टेंबर २०२३

ताई,

नवनाथ परत आला. मी त्याला विचारलं. तो म्हणतो, पुडकं तुझ्या हातात दिलं तेव्हा काड्यांतून चीक गळत होता, त्याच्या पँटला डाग पडलाय. डाग त्यानं मला दाखवला.

तू खोटं बोललीस. लहानपणीही खोटं बोलायचं असलं की तू वाक्यं आखूड करायचीस. एरवी गुडघ्यापासून शेजाऱ्यांच्या मांजरापर्यंत लिहितेस, आणि या पत्रात चार ओळी.

मी यावर बराच विचार केला. काड्या ओल्या होत्या आणि तू बांधल्या नाहीस. म्हणजे तुला ते झाड नको आहे. जूनमध्ये हवं होतं आणि जुलैत नको झालं. मधे काय झालं? माझं पत्र. त्यात दाजींनी बांधलेल्या पट्टीचा उल्लेख आहे. मला वाटतं तिथे तुझं काही तरी दुखलं. ते गेल्यापासून त्यांच्या हातचं काही समोर आलं की तू तोंड फिरवतेस. हे खरं असेल तर सांग, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण मला वाळलेल्या काड्या सांगू नकोस. या वयात आपण दोघंच एकमेकांना खरं सांगायला उरलोय.

उदय


साक्री,
२४ सप्टेंबर २०२३

उदय,

तुझा विचार नेहमीसारखा सुरेख आहे आणि नेहमीसारखा भलतीकडे गेलाय.

ज्यानं घरी एक कलम बांधलंय त्याला हे माहीत असतं, आणि तुला नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रोप देताना ह्यांनीही सांगितलं नाही, कारण प्राध्यापकाला काय सांगायचं. पट्टीच्या वर असतं ते कलम. पट्टीच्या खाली असतो तो खुंट. खुंट म्हणजे कुठलंही रायवळ रोप, टाकून दिलेल्या कोयीतून आलेलं. त्याचं काम फक्त मुळं धरायची. खुंटाला खालून फुटवा आला की तो लगेच खुडायचा, नाही तर सगळा जोर तो ओढून घेतो आणि वरचं मरतं. ती करपलेली चार पानं शेप्याची होती. तू शेप्या कापलास आणि खुंट वाढवलास.

त्या दिवशी तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. आधी राग आला. इतका की तू समोर असतास तर लहानपणासारखा चिमटा काढला असता. मग तू त्या सावलीत बसून लिहितोस ते डोळ्यांपुढे आलं आणि वाटलं, याला कळायलाच नको. एकदा मशिननं तोडला आणि एकदा तुझ्या कात्रीनं, हे मला एकटीला माहीत असलं तरी पुरे. तुझ्या काड्या आल्या. हिरव्यागार होत्या. तशाच उचलून उकिरड्यावर टाकल्या. परक्या झाडाला मी काय कुरवाळत बसू?

आता तूच खरं सांग म्हणालास म्हणून सांगितलं. आई गेली तेव्हा सुद्धा मला असं वाटलं नव्हतं. तेव्हा झाड होतं.

ताई


अथाल,
१२ जानेवारी २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

तीनदा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं.

मला चूक झाली याचं तितकं वाटत नाही. जगात सगळेच चुकतात, मी त्यावर पुस्तकच लिहीत होतो. मला वाटतं ते वेगळंच. फांदी कापली त्या दिवशी मी किती खूष होतो ते मला आठवतंय. कात्री पुसून जागेवर ठेवली होती. सरुबाईकडे चहा मागितला होता, आलं घातलेला. चुकीला स्वतःचा वास नसतो, ताई. असता तर हात वेळेवर मागे आला असता. बरोबर असताना आत जसं वाटतं, तसंच चुकताना वाटतं, अगदी तेच, चहाच्या चवीसकट. मग आपल्याला माहीत आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं? वर्गात मी म्हणायचो, पुराव्याच्या जोरावर. पण पुरावा माझ्यासमोर उभा होता, पट्टी बांधून. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला जे हवं होतं ते वाचलं. शेप्या मरतुकडा असू शकतो हे मला सहनच झालं नसतं. मी विचार केला असं मला वाटलं, पण मी फक्त दांडग्याची बाजू घेतली.

इतकी वर्षं त्याच्या सावलीत बसून मी ज्ञानावर लिहिलं. सावली खरी होती एवढंच म्हणता येतं.

ते प्रकरण फाडलं. मग बाकीचं पुस्तकही वाचवेना. आता दुपारी मी खोलीतच बसतो. खिडकीतून ते झाड दिसतं म्हणून खुर्ची फिरवून घेतली आहे. नदी त्यामुळे दिसत नाही. थंडीत तिच्यावर सकाळी धुकं असतं आणि त्यातून माणसं नुसती डोक्यापासून कमरेपर्यंत चालत येतात, ते बघायला मला आवडायचं.

चिन्मयला गाडीसाठी शेड करायचीच आहे. जागा तीच आहे. झाड होतं म्हणून तो गप्प होता. मी त्याला सांगितलं, होळीच्या आधी काढून टाक. लाकूड गावच्या होळीला देऊ. तुझी हरकत असणार नाही, तरी विचारतो, कारण गेल्या वेळी विचारलं नव्हतं.

तुझा,
उदय


साक्री,
२ फेब्रुवारी २०२४

चि. उदयला आशीर्वाद.

माझी कसली हरकत? ते झाड ना आईचं, ना ह्यांचं. काढ.

पण तू खोलीत बसू नकोस. खुर्ची परत नदीकडे फिरव. झाड पडलं की नदी चांगली दिसेल. मी तुला बोलले ते बोलले, पण माझ्या मनात आता राग नाही. रात गेली, राग गेला, असं आई म्हणायची तसं. तू ते प्रकरण फाडलंस हे मात्र बरं केलं नाहीस. चुकीवर लिहिणारा चुकला म्हणजे त्याला निदान विषय तरी कळला.

पल्लवीला लाडू आवडले का ते कळवलं नाहीस.

ताई


अथाल,
३ मार्च २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

लाडू संपले. त्यातले निम्मे मी खाल्ले.

झाड काढायला दोन माणसं आली होती. कुऱ्हाड घेऊन आत आली आणि फाटकातच थांबली. मी खिडकीशी गेलो. सरुबाई हात आडवे करून झाडापुढे उभी होती. ऐकू काहीच येत नव्हतं, म्हणून यंत्र लावून खाली आलो. "नाय बाबा," ती म्हणत होती. "मोर आलाय त्याला. गाभण हाय तो. आमच्या सुरंगी गावात मोराच्या झाडाला कोन लोखंड लावत नाय." मी वर पाहिलं. खुर्ची फिरवली होती ना, त्यामुळे मला कळलंच नव्हतं. झाड पहिल्यांदा मोहरलंय. शेंड्यापासून खालपर्यंत नुसतं तांबूस पिवळं, आणि माशा. त्यांचा आवाज यंत्रातून सुद्धा मला येत होता.

माणसं चहा पिऊन गेली. चिन्मय म्हणाला, बाबा, पावसाआधी बघू. गाडी काय, उभी राहील उन्हात तोपर्यंत.

म्हणजे शिक्षा पुढे ढकलली आहे, रद्द नाही. मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. परकं असलं तरी माझ्या समोर वाढलंय. मी पुन्हा त्याच्याखाली बसतो. मोहराची पिवळी पूड वहीवर पडते. पानावर काही लिहिलेलं नसतंच, त्यामुळे ती झटकायचं कारण पडत नाही.

तुझा,
उदय


अथाल,
९ मे २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

हे पत्र नवनाथ तुझ्या हातात देईल, आणि एक पिशवीही. आधी पिशवी उघडू नकोस. आधी हे वाच.

परवा वारा सुटला होता. सकाळी अंगणात कैऱ्या पडल्या होत्या. एक उचलली आणि देठाचा चीक बोटाला लागला. मी बोट नाकाशी नेलं आणि तिथेच पायरीवर बसलो. साठ वर्षांपूर्वीचं काही तरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि मी त्याला नाव देईना. कारण या बाबतीत माझ्या शब्दाला आता किंमत नाही. एकदा मला हवं ते मी त्या झाडात बघितलं, आता मला हवं ते हुंगतही असेन. आशेनं माणसाचं नाक सुद्धा बिघडतं.

म्हणून मी आईचा खेळ मांडला. आमलीच्या बाजारातून वेगळ्या कैऱ्या आणवल्या. पल्लवीनं फोडी केल्या आणि मिसळल्या. आधी सरुबाईला डोळे मिटायला लावले, काही न सांगता. तिनं तीन फोडी गपचूप खाल्ल्या आणि चौथीला म्हणाली, "बाबा, यात सोप घातली काय?" सोप म्हणजे तिची बडीशेप. पल्लवीचंही तेच झालं. मग मी डोळे मिटून बसलो. लहानपणी मी आईची पावलं ऐकायचो हे तू बरोबर ओळखलंस. पण आता मला पावलं ऐकू येत नाहीत. पल्लवी कुठल्या ताटलीकडून आली ते मला कळलं नाही. ताई, आयुष्यात पहिल्यांदा फोड तोंडात गेल्यावर मी उत्तर दिलं. उत्तर बरोबर आलं.

आता माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. खुंट शेप्या नसतो असं तू सांगतेस आणि ते खरं आहे. हे झाड खुंटातून वाढलंय, तेही खरं. आणि त्याला बडीशेपेचा वास येतो. तिन्ही एकदम खरं कसं असेल? की मी सगळं उलटं सांगितलं आणि फुटवा पट्टीच्या वरच होता? मी वाट्टेल तितक्या वेळा आठवून बघितलं. पट्टीच्या खालीच होता. मी म्हणत होतो हा शेप्या आहे. समज, तो शेप्या निघाला, तरी मला ते माहीत होतं असं म्हणता येणार नाही. चुकीच्या वाटेनं बरोबर दारात पोचलेल्या माणसाला रस्ता माहीत होता असं आपण म्हणत नाही.

पिशवीत पाडाचे आंबे आहेत. तुझं नाक मागवता येत नाही, म्हणून आंबे पाठवले. डोळे मिटून खा. चिन्मय शेडवाल्याला पंधरवड्यानं बोलावणार आहे. तू परकं म्हणालीस तर मी त्याला अडवणार नाही. या वेळी ठरवायचं ते तुझ्यावर सोडलंय, आणि मला त्याची खूप भीती वाटते.

तुझा,
उदय


साक्री,
१७ मे २०२४

चि. उदय यास ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

नवनाथला बसवून घेतलं होतं, म्हटलं जेवून जा. तो जेवत होता आणि मी समोर ओट्यावर डोळे मिटून बसले. त्यानं मला फोड दिली. बिचारा घाबरला, "आजी, काय व्हयनं?" म्हणून उठलाच. कारण मी रडायला लागले होते.

शेप्या आहे. आणि नाही. वास तोच, पण शेप्या मागून जरा आंबट यायचा, जिभेच्या कडेला. हा नाही येत. हा मागून गोड होतो, आणि रेषा कमी. दुसरी फोड खाल्ली, तिसरी खाल्ली, मग मला ते दिसलं. अगदी समोर होतं इतके दिवस.

हे खुंटासाठी कोयी कुठून आणत होते? विकत का आणणार होते? त्या वर्षी मे महिन्यात तू आला होतास. आपण दोघं याच ओट्यावर बसून शेप्या खात होतो, तू तुझ्या रिटायरमेंटचं काही तरी बोलत होतास आणि हे आपल्या ताटांतल्या कोयी गोळा करून नेत होते. मी म्हटलंही, उष्ट्या कशाला नेता. हे म्हणाले, मातीला उष्टं नसतं. त्याच कोयी डब्यांत लावल्या, पावसात रोपं आली, त्यांच्यावर शेप्याच्याच काड्या बांधल्या. वरती शेप्या, खाली शेप्याचं लेकरू. तू वरचं कापलंस. लेकरू राहिलं. तुझ्या खुंटाची कोय तू किंवा मी चोखलेली आहे, उदय.

म्हणजे तू चुकलास ते चुकलासच, त्यातून सुटका नाही. पण मीही परकं म्हणून मोकळी झाले. तुझ्या काड्या हातात आल्या होत्या, चीक गळत होता, तो नाकाला लावायचं माझ्या मनात आलं नाही. मी नाकानं ओळखणारी. या एका वेळी मी तुझ्यासारखा विचार केला आणि उकिरड्यावर टाकल्या. दोघांनी मिळून ते झाड होळीत घालायला काढलं होतं. त्या सरुबाईला माझ्याकडून एक चांगलं लुगडं घे.

शेप्या परत येणार नाही. कलम असतं तर तोच आला असता, तसाच, मागून आंबट. कोयीतून येतं ते लेकरू येतं, थोडं त्याचं आणि थोडं कुणाचं कोण जाणे. चार दिवस मला त्याचं वाईट वाटलं. मग काल आरशात वेणी घालताना हनुवटी दिसली, आईची, आणि वर नाक, ते कुणाचं ते आजवर कळलेलं नाही. आपण तरी आईची कलमं कुठे आहोत रे. तूही कोय आणि मीही कोय. तिनं आपल्याला परकं म्हटलं नाही.

चिन्मयला सांग, गाडी उन्हात राहू दे. पोरं विचारतील हा कुठला आंबा, तर नाव आपल्याकडचंच हवं. मी चुक्या ठेवलंय. तुला आवडलं नाही तर तू पुस्तकात दुसरं लिही, पण लिही.

पाऊस पडला की नवनाथबरोबर काड्या पाठव. बोटाएवढ्या नको, पेन्सिलीएवढ्या. यंदा त्या वाटेत वाळणार नाहीत.

तुझी,
ताई